गोड डाळिंबाच्या बीचं झाड आंबट का निघालं?

प्रश्न : नमस्कार सर, आमचा दीड एकर भगवा वाणाचा डाळिंब आहे. पाच वर्षांमागं बागेतल्याच एका लई गोड डाळिंबाचे दाणे मी परसात लावले, यंदा त्याला फळ धरलं तर आंबट, रंगपण फिका. बांधावर एक जुनं गावठी आंबट झाड आहे तेवढंच, बाकी सगळा भगवाच. ज्वारीचं बी मात्र आम्ही दरवर्षी घरचंच धरतो तरी मालदांडी ती मालदांडीच राहते. असं का? पोरगा दहावीला आहे, तो म्हणतो गुटी म्हणजे अलैंगिक प्रजनन आणि बी म्हणजे लैंगिक, पण पुढचं त्यालापण सांगता येईना.
एक वाचक भगिनी, सांगोला तालुका

उत्तर : ताई, पोरगा बरोबर सांगतोय, त्याला आधी शाबासकी द्या.

तुमच्या बागेतली सगळी झाडं गुटीची असणार. गुटी बांधताना पेन्सिलीएवढ्या फांदीची साल इंचभर गोल काढतो, आतलं पांढरं ओलं लाकूड दिसतं, त्याच्यावर ओलं शेवाळ लावून प्लास्टिक गुंडाळतो. पानात तयार झालेलं अन्न सालीतून खाली येतं ते त्या कापलेल्या कडेशी अडतं आणि तिथंच मुळं फुटतात, महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागतात. म्हणजे हे नवीन लेकरू नाहीच, त्याच झाडाची फांदी वेगळ्या मुळांवर उभी केलेली. म्हणून फळ जसंच्या तसं.

बीचं तसं नाही. मादी कळीवर मधमाशी पराग आणते, निम्मे गुण आईचे निम्मे बापाचे, आणि तुमच्या परसातल्या झाडाचा बाप बहुतेक बांधावरचं ते गावठी झाड असणार. तुम्ही म्हणाल फळ तर गोड होतं! तर डाळिंबाचा जो लाल रसाळ भाग आपण खातो ते बीचंच बाहेरचं आवरण आहे आणि ते पूर्ण आईचं असतं, बापाचा वाटा आतल्या कडक बीत, गर्भात असतो. तो जिभेला कळत नाही, झाड वाढून फळ धरलं की मगच कळतो. आणि एका फळातले शेकडो दाणे ही भावंडं, एकासारखं दुसरं नाही.

आता ज्वारी. तीपण बीनंच येते, पण तिच्या फुलात नर-मादी दोन्ही असतात आणि बहुतेक वेळा आपलाच पराग आपल्याला लागतो. पिढ्यानपिढ्या असं चाललं की आईबापाकडून येणारे गुण एकच होऊन जातात, मिसळून मिसळून वेगळं काय निघणार? मालदांडी आपल्या मोहोळची, १९३०च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडलेली, अजून टिकून आहे ती यामुळंच. संकरित वाणाचं बी मात्र घरी धरू नका, दुसऱ्या वर्षी शेतात सगळी खिचडी होते.

गुटीची एक काळजी सांगतो. बागेतली सगळी झाडं एकाच अंगाची, त्यामुळं तेल्या, म्हणजे पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा जिवाणूचा रोग, आला की एकाला जे सोसत नाही ते कुणालाच सोसत नाही. तेल्याचा जिवाणू स्वतः एकाचे दोन, दोनाचे चार असा नुसता दुभंगत वाढतो, पावसाच्या शिंतोड्यानं, छाटणीच्या कात्रीनं आणि रोगट झाडाच्या गुटीनंसुद्धा पसरतो. गुटी निरोगी झाडाचीच घ्या आणि कात्री प्रत्येक झाडाला निर्जंतुक करा, यात कंटाळा करू नका. नवीन वाण शोधायला मात्र बीच लागतं. आपल्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रानं सोलापूर लाल काढला तो संकरातूनच, आणि तुमचा भगवापण मूळचा संकरातूनच निवडलेला आहे.

म्हणून परसातलं ते आंबट झाड लगेच तोडू नका, तेल्या सोसायचा गुण त्याच्यात असूही शकतो. बागेत तेल्या होता तेव्हा त्याच्या पानाफळांवर डाग किती आले होते ते आठवून मला नक्की कळवा.