नेट अचानक स्लो झालंय? प्लॅन वाढवायच्या आधी हे वाचा

"नेट स्लो झालंय, काय करू?" एवढ्या एका ओळीची पत्रं दर महिन्याला येतात आणि तेवढ्यावर काही सांगता येत नाही. या वेळी ज्यांनी आकडे आणि वेळा लिहून पाठवल्या त्यांची पत्रं घेतलीयेत.

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ राहतो. फायबरचं कनेक्शन आहे, प्लॅन 200 एमबीपीएसचा. इतके दिवस काही त्रास नव्हता, टेस्टला 190 च्या वर यायचं. मध्यंतरी घराचं रंगकाम काढलं आणि तेव्हापासून नेट एकदम स्लो. हॉलमध्ये कितीही वेळा टेस्ट करा, 93-94 च्या वर जातच नाही, आणि आतल्या बेडरूममध्ये तर 15-20. मुलीचा ऑनलाइन क्लास तिथेच असतो, तो सारखा अडकतो. कंपनीचा माणूस येऊन गेला, म्हणाला लाइन ओके आहे, घरात मोबाइल वाढलेत, 300 चा प्लॅन घ्या. घेऊ का?
– एक वाचक भगिनी, ठाणे पश्चिम

उत्तर: ताई, अजिबात घेऊ नका. 300 चा घेतलात तरी हॉलमध्ये 94 च दिसणार, कारण तुमच्या घरात दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि दोन्हींचा प्लॅनशी काही संबंध नाही.

आधी तो 94. गर्दीमुळे किंवा सिग्नलमुळे नेट स्लो असेल तर टेस्टचा आकडा नाचतो, कधी 60, कधी 120, कधी 35. तुमचा दर वेळी एकाच ठिकाणी येऊन थांबतोय, म्हणजे वाटेत कुठेतरी 100 ची मर्यादा बसलीये. ती बहुतेक फायबरचा मोडेम आणि वायफाय राउटर यांच्यामधल्या लॅन केबलमध्ये असणार. या केबलच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पिळून चार जोड्या. 1000 च्या स्पीडला आठही लागतात, 100 ला त्यातल्या चारच पुरतात. त्यामुळे उरलेल्या चारांपैकी एखादी तुटली किंवा कनेक्टरच्या पिनला नीट टेकली नाही तरी नेट बंद पडत नाही, बहुतेक वेळा दोन्हीकडचे डबे आपसात ठरवून 100 वर उतरतात आणि त्यातून नेटच्या स्वतःच्या कामाचं थोडं वजा होऊन हातात 94-95 येतं. कंपनीच्या माणसाला लाइन ओके दिसली ते खोटं नाही, बाहेरून घरापर्यंत येणारी लाइन ओकेच असणार, पण त्याने ही हातभर वायर बघायला हवी होती आणि ती न बघता प्लॅन वाढवायला सांगणं मला पटत नाही, कारण जास्तीचे पैसे दर महिन्याला जातात.

राउटरच जुना, 100 च्या पोर्टचा असेल का, अशी शंका येऊ शकते. पण तुम्हाला याच राउटरवर आधी 190 येत होतं, म्हणजे पोर्ट चांगले आहेत. रंगकामात फर्निचर सरकवताना वायर ओढली गेली असेल, दरवाजाच्या फटीत चेपली असेल किंवा कनेक्टरवर रंगाचे शिंतोडे, पुट्टीची पावडर गेली असेल. वायर काढून दोन्ही टोकं उजेडात धरून बघा. कनेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिकमधून आठही रंगीत तारा शेवटपर्यंत पोचलेल्या दिसल्या पाहिजेत आणि वायरचं बाहेरचं जाड आवरण कनेक्टरच्या आत दाबलेलं असलं पाहिजे. बऱ्याचदा ते मागे सरकलेलं असतं आणि नुसत्या बारीक तारा उघड्या लटकत असतात, तसं दिसलं तर समजून जा. अडकवायची ती छोटी प्लास्टिकची जीभ तुटली असेल तरी वायर पोर्टमध्ये सैल बसते.

आता ही वायर बदलून बघा. कॅट 6 ची तयार वायर कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात मिळते, लहान लांबीची असेल तर फार पैसे पडत नाहीत. वायर भिंतीतून किंवा पट्टीतून लांब गेली असेल तर पूर्ण बदलायची घाई नको, केबलवाल्याला बोलावून दोन्ही टोकांना नवीन कनेक्टर मारून घ्या. मग राउटरच्या सेटिंगच्या पानावर लिंक स्पीड 1000 दिसतोय का ते बघा आणि परत टेस्ट करा. मोडेम आणि वायफाय एकाच डब्यात असेल आणि मधे वायरच नसेल तर मात्र तो डबा बंद करून चालू करा, 5 गीगाहर्ट्झच्या (वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी फास्ट पट्टी) सेटिंगमध्ये चॅनेलची रुंदी 20 मेगाहर्ट्झवर जाऊन बसलीये का बघा आणि असेल तर 80 करा.

दुसरा प्रॉब्लेम बेडरूमचा. रंगकामानंतर राउटर नक्की कुठे ठेवलाय ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण रंग झाला की भिंतीवर वायरी नकोत म्हणून राउटर टीव्हीच्या मागे, शोकेसच्या आत नाहीतर माळ्यावर जातो, हे घरोघरी होतं. टीव्हीचा मागचा भाग म्हणजे धातूचा पत्रा, आणि माळ्यावर पाण्याची टाकी, स्टीलची भांडी. मधे आरशाचं कपाट आलं असेल तर तेही धरा, आरशाच्या मागे धातूचा थर असतो, तो वायफाय अडवतो. 5 गीगाहर्ट्झचं वायफाय फास्ट आहे पण आरसीसीच्या दोन भिंती पार करताना थकतं, मग मोबाइल आपणहून 2.4 गीगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्टीवर उडी मारतो आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर त्याच 2.4 वर ओरडत असतात. राउटर उघड्यावर आणा, छातीच्या उंचीवर, हॉल आणि बेडरूमच्या मधल्या पॅसेजकडे सरकवता आला तर उत्तमच. एवढं करूनही मुलीच्या खोलीत नीट येत नसेल तर सरळ एक लॅन केबल त्या खोलीपर्यंत ओढून घ्या, लॅपटॉपला वायर लावली की क्लास अडकायचा थांबेल. रिपीटर घ्या म्हणून कोणी सांगेल, पण जिथे मुळातच सिग्नल मेलाय तिथे रिपीटर लावला तर तो मेलेला सिग्नलच पुढे देतो आणि स्वस्तातला असेल तर स्पीड अर्धा करून देतो. वायर परवडली.

प्रश्न: सर, नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, लोकल केबलवाल्याचं नेट आहे, प्लॅन 100 चा. सकाळी 95 येतं आणि रात्री नऊनंतर 8-10, व्हिडिओ फिरत बसतो, बारानंतर परत ठीक. गेल्या महिन्यापासूनच सुरू झालंय. केबलवाला म्हणतो तुमचा राउटर खराब आहे, नवीन घ्या. खरं का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: राउटर घड्याळ बघून खराब होत नाही, त्यामुळे लगेच नवीन घेऊ नका. रात्री नऊला तीन गोष्टी एकदम होतात आणि त्यातली कुठली तुम्हाला नडतेय ते घरबसल्या कळतं.

लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या (विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी) दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग लावा (ping लिहून पुढे पत्ता; निरोप जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले ते दिसतं), म्हणजे 192.168.1.1 किंवा 192.168.0.1, राउटरच्या खालच्या स्टिकरवर पत्ता असतो. दुसरीत बाहेर 8.8.8.8 ला, हा गूगलचा पत्ता. शेवटी स्पेस देऊन -t जोडला की ते थांबवेपर्यंत चालू राहतं. सकाळी एकदा बघून दोन्ही आकडे लिहून ठेवा आणि रात्री साडेनऊला परत बघा. राउटरचाच आकडा 2-3 वरून शंभर-दोनशेवर उड्या मारत असेल तर दोष वायफायचा, म्हणजे शेजाऱ्यांची गर्दी. मग 5 गीगाहर्ट्झवर या, आणि 2.4 वापरावंच लागत असेल तर चॅनेल ऑटोवर न ठेवता 1, 6, 11 यातला जो कमी भरलेला असेल तो लावा, मधले 3-4 लावू नका कारण ते दोन्हीकडच्यांना अडकतात.

राउटरचा आकडा शांत आणि बाहेरचा मात्र फुगलेला असेल तर दोष लाइनचा, पण केबलवाल्याला फोन करण्याआधी घरातले सगळ्यांचे फोन पाच मिनिटं वायफायवरून काढा. रात्री सगळे घरी येतात, फोन चार्जिंगला लागतात आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ तेव्हाच गुपचूप वर चढायला लागतात. अपलोड भरला की डाउनलोडही आडवा होतो, कारण आलेल्या डेटाची पोच परत पाठवायलाही तीच वाट लागते. फोन काढल्यावर पिंग एकदम खाली आला तर फोटो बॅकअप रात्री उशिराचा करून टाका, काम झालं.

तरीही फुगलेलाच राहिला तर केबलवाल्याकडेच गर्दी झालीये. जुन्या बिल्डिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी गच्चीवर नाहीतर जिन्यात एक स्विच असतो, त्यातून सगळ्या घरांना वायरी जातात आणि स्विचपर्यंत येणारी लाइन एकच. सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते ना, तसंच हे. गेल्या महिन्यापासून सुरू झालंय म्हणता, म्हणजे त्याने नवीन कनेक्शनं दिली असतील आणि मागची लाइन वाढवली नसेल. वरच्या-खालच्या दोन-तीन घरांत विचारा, त्यांचंही नऊलाच होत असेल तर चौघांनी मिळून तक्रार करा. टेस्ट वायर लावूनच करा, म्हणजे "तुमचं वायफाय" हे उत्तर देता येणार नाही, आणि तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा.

तक्रार तोंडी नको. केबलवाला ज्या कंपनीचं नेट विकतो तिच्या कस्टमर केअरला करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घ्याच. ट्रायच्या (टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2012 च्या नियमांप्रमाणे तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत अपील करता येतं, त्याला फी नाही, आणि 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे मेल करून वाट बघत बसू नका. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे, आणि टेलिकॉम कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं हे सुप्रीम कोर्टाने 2022 साली स्पष्ट केलंय. दहापैकी नऊ वेळा एवढं लागतच नाही, डॉकेट नंबर आणि चार घरांचे स्क्रीनशॉट बघितले की हालचाल होते.

प्रश्न: 100 चा प्लॅन आहे पण गेम डाउनलोड करताना 11-12 च दिसतं. कंपनी फसवतेय का?
– एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर: नाही रे, तुला पूर्ण स्पीड मिळतोय. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं, आणि 8 बिटचा एक बाइट, म्हणून 100 भागिले 8 केलं की साडेबारा. 11-12 म्हणजे झकास. मात्र महिन्याच्या शेवटी एकदम 1-2 च्या खाली आलं तर ॲपमध्ये डेटा किती वापरला ते बघ, 'अनलिमिटेड' लिहिलेल्या प्लॅनलाही बऱ्याचदा मर्यादा असते आणि ती संपली की स्पीड पाडतात.

प्रश्न: कळव्याला राहतो. जोराचा पाऊस झाला त्या दिवसापासून नेट चालू आहे पण रडतखडत, कधी मधेच जातं आणि परत येतं. मोडेमवर लाल दिवा कधी लागतो कधी जातो. मोडेम बदलायला सांगू का?
– एक वाचक, कळवा

उत्तर: काका, मोडेम बहुतेक चांगला आहे, प्रकाश कमी पोचतोय. फायबर म्हणजे काच, तिला पाण्याचं तसं काही होत नाही, पण पावसा-वाऱ्यात गच्चीवरून लोंबणारी वायर ताणली जाते, फांदी पडते, जोडाच्या डब्यात पाणी शिरतं. मोडेमच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल माहितीत 'आरएक्स पॉवर', म्हणजे मोडेमपर्यंत किती प्रकाश पोचतोय, असा उणे आकडा असतो. उणे 18, उणे 22 असा असेल तर छान, उणे 27 च्या पलीकडे गेला की मोडेमला धड दिसत नाही आणि तुमच्यासारखं होतं. आधी घरातलीच बारीक वायर बघा, सोफ्यामागे दाबली गेलीये का, खिळ्याला काटकोनात वळवून बांधलीये का. ती बोटाभोवती गुंडाळल्यासारखी वळली तरी प्रकाश बाहेर गळतो. सैल मोठा वळसा देऊन ठेवा. वायर काढून टोकात डोकावून मात्र बघू नका, त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो, आणि टोकाला बोटही लावू नका, बोटाचा तेलकटपणा लागला की सिग्नल अजून पडतो.

घरातली वायर ठीक असेल तर तक्रार करताना "नेट स्लो आहे" एवढंच न सांगता तो आरएक्सचा आकडा सांगा आणि पॉवर मीटर (प्रकाश मोजायचं यंत्र) घेऊन माणूस पाठवा म्हणा. तो आला की जोड चिकटपट्टी गुंडाळून न देता मशिनवर स्प्लाइस करून घ्या, म्हणजे काच वितळवून जोडून घ्या, आणि काम झाल्यावर त्याच्यासमोरच आकडा परत बघून मगच तक्रार बंद करू द्या.