कळशीत पाणी किती? : प्रागहून वाचकांना उत्तरं

प्रश्न : ताई, मी कुडाळचा, बीएफएच्या शेवटच्या वर्षाला आहे. अ‍ॅनिमेशन शिकायला परदेशी जायचं मनात आहे. एक एजंट कॅनडातल्या थ्रीडीच्या दोन वर्षांच्या डिप्लोम्यासाठी मागे लागलाय आणि त्यासाठी बाबा काजूची बाग तारण ठेवायला निघालेत. तुम्ही प्रागमध्ये बाहुल्यांचं अ‍ॅनिमेशन शिकता. तिथे असं काय मिळतं जे पुण्या-मुंबईत मिळत नाही? पोर्टफोलिओत काय ठेवू? भाषेचं कसं?

उत्तर : आधी बागेचं बोलते. नुसतं सॉफ्टवेअर शिकण्यासाठी बाग तारण ठेवू नकोस, बाबांनाही ठेवू देऊ नकोस. माया हे थ्रीडी सॉफ्टवेअर पुण्यात शिकता येतं आणि तसंच दुसरं, ब्लेंडर, तर फुकट आहे. एजंटला कॉलेजकडून कमिशन मिळतं का, हे त्याला तोंडावर विचार.

इथे काय मिळतं ते एका शॉटवरून सांगते. एक बाई विहिरीवर वाकते, कळशी उचलते आणि कमरेवर घेते. शॉट तीन सेकंदांचा. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे फ्रेम, धरल्या तर तीन सेकंदांना ७२ फ्रेम. दोन-दोन फ्रेमना एक पोझ धरली तरी बाहुली ३६ वेळा जराशी हलवून फोटो काढायचा. तिच्या आत धातूचा सांगाडा असतो, सांध्यांना बारीक गोळे आणि स्क्रू. पाऊल टेबलाला खालून बोल्टने आवळायचं, नाहीतर वाकताना ती पडते आणि आधीचं सगळं वाया. दिवसभर खपून शॉट झाला. आमच्या सरांनी तो आवाज बंद करून पाहिला आणि एवढंच विचारलं, "कळशीत पाणी किती आहे?"

त्या एका प्रश्नावर वर्गात तासभर चर्चा झाली. कळशी भरलेली असेल तर उचलण्याआधीच मोकळा हात बाजूला जातो, कंबर उलट्या अंगाला झुकते, मान ताठ होते. अर्धी असेल तर कोपर सैल राहतं आणि चालताना पाणी हिंदकळतं, म्हणून पावलं आखडतात. मी मिरजेला आईला फोन केला. तिने शेजारच्या काकूंना भरलेली आणि अर्धी अशा दोन्ही कळशा घेऊन चालायला लावलं आणि व्हिडिओ पाठवला. वर्गातल्या कोरियन, पोलिश मुलांनी तो पुन्हा पुन्हा लावून पाहिला. परदेशी यायचं ते असे प्रश्न रोज कुणीतरी विचारावेत म्हणून.

हे याच गावात का, तर इथली बाहुली फार जुनी आहे. चेक आणि स्लोव्हाक बाहुलीनाट्य २०१६पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. बाहुलीपट करणारा चेक दिग्दर्शक यिर्झी त्र्नका (१९१२–१९६९) त्याच परंपरेतून सिनेमात आला. त्याच्या बाहुल्यांचे चेहरे सहसा बदलत नाहीत. मान किंचित कलते, दिवा सरकतो आणि तोच चेहरा रडवेला दिसतो. हे पाहिलं आणि मला तुमच्याकडचं बाहुल्यांचं गाव, पिंगुळी, आठवलं. तिथल्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्यांचा चेहराही लाकडात कोरलेलाच असतो; सगळा भाव दोऱ्यांतून आणि गाणाऱ्याच्या आवाजातून येतो. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली याच कामासाठी पद्मश्री जाहीर झाली. कुडाळपासून पिंगुळी किती लांब आहे रे? आधी तिथे जाऊन बस. बाहुली उचलताना मनगट कसं फिरतं, ते वहीत काढ.

पोर्टफोलिओत हेच ठेव. डोळे मोठे केलेल्या राजकन्या काढू नकोस, त्या निवड समितीने हजारदा पाहिल्यात. एसटी स्टँडवर बोचकं उचलणारी म्हातारी, मासे कापणारी बाई, झोपलेला कंडक्टर यांची झटपट रेखाटनं दे. सोबत फोनवर काढलेला स्टॉप-मोशनचा, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवत फोटो काढून केलेला, एखादा छोटा तुकडा. काडेपेटीचा असला तरी चालेल, वजन दिसलं पाहिजे.

आता पैसे आणि भाषा, दोन्ही एकदमच येतात. इथल्या सरकारी विद्यापीठांत चेक माध्यमातून शिकलास तर परदेशी विद्यार्थ्यालाही शिकवणी शुल्क नाही. इंग्रजी माध्यमाला भरपूर आहे. १९४६ साली सुरू झालेली फामू ही इथली नावाजलेली सरकारी फिल्म-शाळा. तिची प्रवेश परीक्षा अवघड असते, जागा मोजक्या. म्हणून बरीच मुलं आधी वर्षभर फक्त चेक शिकतात. त्या वर्षाची फी आणि राहण्या-जेवणाचा खर्च धरूनच हिशेब मांड. भाषेत सात विभक्त्या आहेत. शाळेतलं मराठी व्याकरण मला इथे खरोखर कामी आलं. पूर्णवेळ मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला असलास तर कामाचा वेगळा परवाना लागत नाही. मी रविवारी एका बाहुली-कारागिराकडे कपडे शिवते. त्यातून किराणा सुटतो, खोलीचं भाडं सुटत नाही.

प्रश्न : मुलगी सप्टेंबरमध्ये तिकडे येते आहे, शाकाहारी आहे. सोबत काय देऊ? फार काळजी वाटते. (एक आई, नाशिक)

उत्तर : काकू, उपाशी राहणार नाही ती. जवळपास प्रत्येक खानावळीत तळलेलं चीज मिळतं, पण रोज तेच खाऊन कंटाळा येतो. तूरडाळ, तांदूळ इथल्या भारतीय दुकानांत मिळतात. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी द्या. डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो आणि स्टुडिओही काळ्या पडद्यांचा असतो. त्या दिवसांत फोन जरा जास्त करा. उन्हाळ्यात तुम्ही तिच्या साडेतीन तास पुढे असता, हिवाळ्यात साडेचार. तूप, पेढे, खवा मात्र देऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. लोणी इथे चांगलं मिळतं. ते कढवायला तिला निघण्याआधी शिकवा, जाड बुडाचं छोटं पातेलंही बॅगेत टाका.