सोलापूरहून रेल्वेने विजापूर, बदामी, हंपी चार दिवसांत होईल का? (सोबत आई-वडील)

होईल, पण हंपी काढून टाका. ती बसवायची तर जाण्या-येण्यात वेळ जातो आणि बळी पडतं बदामीजवळचं ऐहोळे. ‘ऐहोळेची मोडकी देवळं सोडली तर चालेल ना?’ असं तुम्ही विचारलंय, म्हणूनच लिहायला बसलो. नाही चालणार.

तिथल्या मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिराच्या भिंतीवर कवी रविकीर्तीचा इ.स. ६३४ चा शिलालेख आहे. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने उत्तरेच्या हर्षाला हरवल्याचं त्यात आहे, कालिदास-भारवींची नावं आहेत आणि नव्याण्णव हजार गावांची तीन ‘महाराष्ट्रकं’ही (म्हणजे महाराष्ट्राचे तीन भाग) आहेत. मराठी माणसाने बदामीपर्यंत जाऊन ही भिंत सोडायची म्हणजे कमाल झाली.

मुक्काम बदामीतच करा. स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर लांब आहे, रिक्षा मिळते. दुसऱ्या दिवशी दिवसभराची रिक्षा ठरवा आणि आधी ऐहोळे गाठा, साधारण ३५ किलोमीटर. रिक्षावाला वाटेतलं पट्टदकल आधी दाखवू बघेल. त्याचं ऐकलंत तर मेगुतीच्या पायऱ्या भर उन्हात चढाल, आणि वर सावली नाही. पट्टदकल परतताना करा. तिथलं विरूपाक्ष मंदिर नीट बघा, वेरूळच्या कैलासाचा आराखडा त्यावरून घेतला असं मानतात. बदामीच्या लेण्यांत खाण्याची पिशवी हातात धरू नका, माकडं हिसकावतात. तिसरं लेणं (इ.स. ५७८) सगळ्यांत सरस, तिथे वेळ द्या.

विजापूरला गोलघुमट सकाळी उघडताच गाठा. वरच्या सज्जात एका बाजूची कुजबुज पलीकडे ऐकू येते, पण शाळांच्या सहली आल्या की कुजबुज कसली, नुसती आरडाओरड ऐकू येते.

‘असल्या ठिकाणी गाडीच करावी लागते’ म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. सोलापूर-गदग मार्गावर विजापूर आणि बदामी दोन्ही स्टेशनं ओळीने येतात, मग कशाला? फक्त मुंबई-पुण्याहून येणारी गाडी आणि पुढची गाडी यांत तीन तास तरी ठेवा, आणि दोन्ही तिकिटांचे पीएनआर जोडून घ्या. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर त्या न केलेल्या प्रवासाचे पैसे परत मागता येतात. विजापूरचा स्टेशन कोड बीजेपी आहे, हसू नका. गाड्यांचे नंबर देत नाही, वेळापत्रक बदलत असतं.

आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर गोलघुमटाचा जिना अरुंद आणि उंच आहे, त्यांना खालीच बसवा. एप्रिल-मेमध्ये तर यातलं काहीच करू नका.