वास्तुवारसा : वाचकांचे प्रश्न – लोणा, पिंपळ आणि रंगवलेल्या भिंती

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच साताऱ्याची आहेत आणि ती पाऊस उघडल्यावर लिहिलेली आहेत, यात नवल नाही. जुन्या वास्तूचे दुखणे श्रावण-भाद्रपदात उघडे पडते आणि त्याची विचारपूस दिवाळीच्या साफसफाईत होते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून चार प्रश्न घेतले आहेत. पहिल्याला अधिक जागा दिली आहे, कारण तसेच पत्र थोड्याफार फरकाने पाच-सहा घरांतून आले आहे.

प्रश्न : शनिवार पेठेत आमचा पणजोबांच्या वेळचा दोन चौकांचा वाडा आहे. खालच्या भिंतींना कमरेइतका लोणा लागला आहे. काही वर्षांपूर्वी केलेला सिमेंटचा गिलावा फुगून पडतो आहे आणि ठेकेदार वॉटरप्रूफिंगचे रसायन घालून पुन्हा सिमेंटच करावे असे सांगतो. त्यातच धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे. वाडा वारसा यादीत गेला तर आपला हक्कच संपेल, म्हणून कोणाला विचारायलाही जाऊ नये, असे धाकट्या बंधूंचे म्हणणे आहे. आम्ही काय करावे? – एक वाचक, शनिवार पेठ, सातारा

उत्तर : ठेकेदाराला आधी थांबवावे. लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीवर फुटून येणारे क्षार, हे लक्षण आहे. दुखणे पाण्याचे आहे. जुन्या भिंतीच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतले पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे भिंतीत चढते. बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो, तिच्याबरोबर आलेले क्षार स्वतःच्या अंगावर घेतो, काही वर्षांनी भुसभुशीत होऊन पडतो आणि मग तो नव्याने केला जातो. गिलावा हा भिंतीचा अंगरखा होता. तो मळायचा, विरायचा, बदलला जायचा, आणि अंग शाबूत राहायचे. सिमेंटने ही वाट बंद होते. अडलेले पाणी सिमेंटचा पट्टा जिथे संपतो तिथपर्यंत वर चढते आणि तिथे फुटते. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. सिमेंट करण्यापूर्वी लोणा गुडघ्याइतकाच होता असे ते सांगण्याचा संभव बराच आहे. रसायन मिसळलेले सिमेंट हेच काम अधिक कसोशीने करील आणि पुढच्या खेपेस ओल तुळयांपर्यंत पोहोचेल.

म्हणून पहिला खर्च पाणी शोधण्यावर करावा, आणि तो फारसा नसतो. पन्हळ कुठे फुटली आहे, न्हाणीघराचे पाणी कोणत्या भिंतीच्या पायथ्याशी मुरते, चौकात घातलेल्या नव्या फरशीचा उतार मोरीकडे आहे की ओसरीकडे, हे भर पावसात छत्री घेऊन उभे राहून पाहावे. साताऱ्याच्या जुन्या पेठा डोंगराच्या उतारावर वसलेल्या आहेत, त्यामुळे वरच्या अंगाच्या घराचे सांडपाणी खालच्या घराच्या जोत्यात येते, हेही विसरू नये. शिवाय दर डांबरीकरणाला रस्ता थोडा वर येतो आणि जोत्याच्या पायऱ्या एकेक करून जमिनीत जातात. दिंडी दरवाजासमोर पूर्वी तीन पायऱ्या होत्या आणि आता एकच उरली असेल, तर रस्त्यावरचे पाणी आपल्या भिंतीला टेकलेले आहे, आणि तिथे उथळ चर काढून ते वळवल्याशिवाय गिलाव्याचा विचारही करू नये.

त्यानंतर सिमेंट छिन्नीने बेताने काढावे, वर आलेले क्षार कोरड्या कुंच्याने झाडून घमेल्यात गोळा करून घराबाहेर टाकावेत (भिंत धुऊ नये, कारण धुतल्याने ते परत आत जातात), आणि भिंत निदान एक उन्हाळा उघडी ठेवावी. पाहुण्यांपुढे ती वाईट दिसेल, त्याला इलाज नाही. मग दगड-विटांच्या भागाला चुना करावा. कळीचा चुना भिजवून तो काही आठवडे मुरू द्यावा आणि त्यात वाळूबरोबर सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालावी. गूळ व हिरड्याचे पाणी घालण्याची जुनी रीतही अजून उपयोगी पडते. हे काम मुसळधार पावसात किंवा वैशाखाच्या उन्हात काढू नये, कारण चुन्याला सावकाश सुकावे लागते. वरच्या मजल्याच्या भिंती पांढऱ्या मातीच्या असतील तर त्यांना चुन्याचा जाड गिलावाही मानवत नाही. तिथे माती, शेण आणि भाताच्या तुसाचा लेप व वर चुन्याचा हात एवढे पुरते. चुन्याचे काम येणारा गवंडी आता मिळत नाही अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती पुष्कळशी खरी आहे, परंतु दगडी देवळांच्या दुरुस्तीवर असलेल्या माणसांकडे चौकशी केल्यास तो अजून सापडतो.

नोटिशीचा मजकूर नीट वाचावा. पुष्कळदा तीत धोका दूर करण्यास सांगितलेले असते. वाडा पाडणे हा त्यातला एक मार्ग झाला, एकमेव नव्हे. जुन्या लाकडी सांगाड्याचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी आणि त्याचा अहवाल लेखी उत्तरासोबत मुदतीत द्यावा. तो येण्यापूर्वी आपणही एक परीक्षा करू शकता : तुळईचे भिंतीत शिरलेले टोक दाभणाने टोचून पाहावे. वाड्याचे सागवान मध्यभागी शंभर वर्षांनीही ठणठणीत असते, पण भिंतीत दडलेले टोक ओलीने आधी कुजते. दाभण बोटभर सहज आत गेले, तर त्या तुळईखाली त्याच दिवशी टेकू द्यावा. भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून शेजारी तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे, न तडकल्यास ती भेग जुनी आहे.

आता धाकट्या बंधूंच्या शंकेविषयी. संरक्षित स्मारक आणि वारसा यादीतील वास्तू यांत फरक आहे. केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली संरक्षित स्मारक घोषित करण्यापूर्वी अधिसूचना काढून हरकती मागवल्या जातात. शहरातील राहती घरे त्यात क्वचितच येतात. शहराची वारसा यादी ही नगररचनेच्या नियमांखाली होते आणि तीत वास्तूंना श्रेणी दिली जाते. यादीत आल्याने मालकी बदलत नाही, भाडेकरूंचे वा वाटण्यांचे वाद सुटतही नाहीत आणि वाढतही नाहीत. मोठे फेरबदल करताना वारसा समितीचे मत घ्यावे लागते, एवढेच बंधन येते. खरी उणीव वेगळीच आहे. बंधन घातले जाते, पण खाजगी मालकाला दुरुस्तीसाठी पैसा सहजी मिळत नाही, आणि त्याबाबत आपल्या बंधूंनी तक्रार केली असती तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

प्रश्न : आमच्या मंडळाने रस्त्यालगतच्या उंच दगडी भिंतीवर किल्ल्यांची चित्रे काढण्याचे ठरवले आहे. त्याच वर्गणीत देवळापुढची काळवंडलेली दीपमाळ ऑइल पेंटने उजळावी आणि चौकात एक अर्धपुतळा बसवावा असा विचार आहे. काही ज्येष्ठांनी विरोध केला. चूक कोणाची? – मंडळाचे कार्यकर्ते, मल्हार पेठ, सातारा

उत्तर : तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. दीपमाळेच्या बाबतीत ज्येष्ठांचेच खरे आहे. घडीव काळ्या दगडावर ऑइल पेंटचा थर दिला की दगडातली आणि सांध्यांतली ओल कोंडते, दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर कोरीव कामाची धार जाते. मग रंग काढण्यासाठी कोणी तरी वाळूचा फवारा किंवा आम्ल सुचवतो, आणि रंगाने केले नसेल तेवढे नुकसान त्या एका दिवसात होते. दीपमाळ काळवंडली आहे ती शेवाळाने, धुळीने आणि शंभर त्रिपुरी पौर्णिमांच्या तेलाने. साधे पाणी आणि नरम कुंचा यांनी जेवढे निघेल तेवढे काढावे, आणि तेलाचा डाग राहिला तर राहू द्यावा. दीपमाळेवर तेलाचा डाग नसावा ही अपेक्षाच मला समजत नाही.

भिंतीच्या चित्रांना माझा विरोध नाही, मात्र भिंत कोणती ते पाहावे. सिमेंटचा गिलावा असलेली शाळेची वा मैदानाची कुंपणभिंत असेल तर खुशाल रंगवावी. आपण लिहिता ती भिंत मात्र डोंगराची माती अडवणारी दिसते. अशीच एक भिंत मी पाहिली आहे. तिच्यात आतले पाणी झिरपून बाहेर पडावे म्हणून हातभर अंतराने भोके ठेवलेली होती, आणि चित्र सलग दिसावे म्हणून रंगवणाऱ्यांनी ती पुट्टीने बुजवून टाकली. चित्र सुरेख होते; बुरुजाची छाया, तटावरचे गवत, सगळे हात बसलेल्या माणसाचे काम होते. आषाढात नेमक्या बुरुजावर ताटाएवढा फुगा आला, त्याला बोट लावताच गढूळ पाण्याची धार लागली, आणि पुढल्या वर्षी भिंतीला पोट आले. भोके उघडी ठेवून, त्यांनाच तटाच्या जंग्या, म्हणजे मारा करण्यासाठी ठेवलेली छिद्रे, समजून चित्र बेतले असते तर भिंतही टिकली असती आणि चित्रही. दगडी बांधकाम उघडे आणि देखणे असेल तर त्यावर किल्ला रंगवू नये; ज्या दगडात किल्ले बांधले गेले तोच दगड आपण झाकत आहोत. आणि खरा अजिंक्यतारा त्या रस्त्यावरून मान वर करताच दिसत असेल, तर विषय म्हणून तोच पुन्हा काढण्याऐवजी खापरी नळ आणि हौद यांची जुनी पाणीव्यवस्था काढावी. तिचे चित्र मी तरी आजवर कोणत्या भिंतीवर पाहिलेले नाही.

पुतळ्याविषयी थोडक्यात : सार्वजनिक रस्ते, पदपथ व लोकोपयोगी जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी राज्यांना दिला आहे. इतर जागी शासनाची कार्यपद्धती पाळावी लागते, आणि तीत मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घेणे येते. ही अट अनेकांना जाचक वाटते. चेहरा ओळखू न येणारे पुतळे पाहिल्यावर मला ती सौम्य वाटू लागली आहे.

प्रश्न : लिंब येथील बारा मोटेच्या विहिरीसारख्या जुन्या बांधकामात पिंपळाची रोपे उगवतात. आमच्या गावच्या विहिरीतही ती आहेत. तरुणांनी श्रमदानाने ती उपटावीत का? – एक ग्रामस्थ, सातारा तालुका

उत्तर : उपटू नयेत. लिंबची विहीर साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या वर्षांत बांधली. ती सुमारे ११० फूट खोल व ५० फूट व्यासाची आहे, वर बारा मोटा चालत आणि आत छोटा महाल आहे. अशा कामात दगड एकमेकांच्या भाराने अडकलेले असतात आणि पिंपळाचे मूळ त्यांच्यामधल्या सांध्यात पाचरीसारखे बसलेले असते. पेरभर जाडीचे रोप जोराने ओढले की त्याच्याबरोबर दगड सैल होतो, आणि त्या पोकळीत पुढच्या पावसात पाणी शिरते.

रोप कोवळे, दोन-चार पानांचे असेल तर पावसाळ्यात सांधा ओला असताना ते मुळासकट हलक्या हाताने निघते, तेवढेच काढावे. जाड झालेले रोप सांध्यालगत कापावे, फुटवा आला की पुन्हा कापावे, आणि ते मेल्यावर मूळ आतच ठेवून सांधा चुन्याने भरावा. सांध्यात सिमेंट भरू नये, याची कारणे पहिल्या उत्तरात आली आहेत. मूळ मारण्यासाठी औषध वापरायचे तर ते विहिरीच्या पाण्यात उतरेल, म्हणून जाणकाराशिवाय त्या वाटेला जाऊ नये. झाडावर दोरी बांधून खाली उतरण्याचा प्रयत्नही करू नये. दगडावरचे दगडफूल खरवडण्याची गरज नाही. तारेच्या ब्रशने निघालेला चरा मात्र कायमचा राहतो. विहीर संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाच्या लेखी परवानगीशिवाय झाडू मारण्यापलीकडे काही करू नये. श्रमदानाला कामे पुष्कळ आहेत : गाळ, प्लॅस्टिकच्या बाटल्या, काठावर साचणारे पाणी. गाळ काढताना घडीव दगड, खापरे किंवा नाणी सापडली तर ती कुठे व किती खोलीवर मिळाली हे वहीत लिहावे, छायाचित्र घ्यावे आणि तहसील कार्यालयाला कळवावे.

प्रश्न : डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या शाळेत शिकले ती साताऱ्याची शाळा राजवाड्यात भरत असे. ती वास्तू राजवाडा म्हणून जपायची की शाळा म्हणून? – एक निवृत्त शिक्षिका, सोमवार पेठ, सातारा

उत्तर : ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेत ‘भिवा रामजी आंबेडकर’ या नावाची नोंद झाली. आज ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. प्रश्न दिसतो त्यापेक्षा व्यवहाराचा आहे, कारण उत्तरावर दुरुस्तीची दिशा ठरते. केवळ राजवाडा म्हणून विचार केला तर कोणी तरी वर्गखोल्यांच्या नंतर घातलेल्या भिंती काढून मूळचे दिवाणखाने मोकळे करण्याचा आराखडा आणील, आणि तो आराखडा कागदावर फार सुंदर दिसेल. माझे मत असे की छत्रपतींच्या वास्तूत पुढे गावातली मुले शिकली, हाही त्या वास्तूचा इतिहास आहे आणि तो नंतर जोडला गेला म्हणून दुय्यम ठरत नाही. अशा ठिकाणी खांब-तुळयांइतकीच निगा वर्गाच्या फळ्याची, खिडकीच्या गजांची आणि मुलांच्या पायांनी मधोमध झिजलेल्या उंबऱ्याची घ्यावी. उंबरा कुजला असेल तर कुजलेला भागच कापून तिथे तेवढा सांधा द्यावा. सबंध उंबरा बदलून नवा, सरळ आणि गुळगुळीत बसवू नये.