समुद्र मुलांचा, अवशेष बाबांचे : मुक्काम मात्र एकच

प्रश्न : आमचा सोलापुरात चादरी-टॉवेलचा व्यवसाय आहे. यंदा आई-वडिलांना घेऊन तुर्कस्तानला जाण्याचा विचार आहे. वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक असून त्यांना ग्रीक-रोमन अवशेष पाहायचे आहेत. परंतु त्यांचे गुडघे दुखतात. अकरावीतली मुलगी आणि धाकटा मुलगा यांना समुद्राखेरीज काही नको. एका प्रवास कंपनीने इस्तंबूल, कॅपाडोशिया, इफेसस आणि अंताल्या असा आठ दिवसांचा कार्यक्रम दिला आहे. तो घ्यावा का, केव्हा जावे, आणि आम्ही शाकाहारी असल्याने जेवणाचे कसे होईल?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तो कार्यक्रम घेऊ नये. आठ दिवसांत ही चार ठिकाणे करायची म्हणजे निम्मा वेळ बस आणि विमानतळ यांत जाणार. वडिलांच्या गुडघ्यांना ते सोसणार नाही आणि मुलांच्या वाट्याला समुद्र येईल तो खिडकीतूनच. जिथे प्राचीन शहर आणि पुळण एकमेकांना लागून आहेत, अशा एकाच गावी पाच-सहा रात्री राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी अंताल्या विमानतळापासून पूर्वेला सुमारे ६५ किलोमीटरवर असलेले सिदे हे गाव मी सुचवीन.

सिदे समुद्रात शिरलेल्या एका चिंचोळ्या भूशिरावर वसले आहे. दोन्ही अंगांना वाळूचे किनारे आहेत आणि पश्चिमेकडचा किनारा उथळ असल्याने लहान मुलांना बरा पडतो. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ जाणवत नाही. तरीही किनाऱ्यावर लाल बावटा लागला असेल, तर पाण्यात उतरू नये. हॉटेलच्या तलावात सुती कपडे चालत नाहीत, म्हणून पोहण्याचे कपडे इथूनच न्यावेत. टॉवेलबद्दल आपल्याला काही सांगण्याची गरज नाही. उलट, तिथल्या दुकानांतला माल आपण व्यावसायिक नजरेने पाहालच.

जुन्या गावात वाहनांना मज्जाव असतो, त्यामुळे वाहनतळापासून टोकावरच्या अपोलोच्या मंदिरापर्यंत किलोमीटरभर चालावे लागते. वाट बहुतांशी सपाट आहे आणि बसायला जागोजाग उपाहारगृहे आहेत. मंदिराचे पाच खांब पुन्हा उभारलेले आहेत. त्यांच्यावरच्या पट्टीत केसांच्या जागी साप असलेल्या, ग्रीक पुराणकथांतल्या मेड्युसाचे मुखवटे कोरले आहेत, ते मान वर करून सावकाश पाहावेत. मंदिराला तिकीट नाही. सूर्यास्ताला तिथे छायाचित्रे काढणाऱ्यांची झुंबड उडते, म्हणून वडिलांना सकाळी न्यावे. नाट्यगृहाला मात्र तिकीट आहे आणि ते चुकवू नये. ग्रीक लोक टेकडीच्या उतारात आसने खोदत असत; इथे टेकडीच नसल्याने रोमनांनी दुसऱ्या शतकात कमानींवर कमानी रचून उतार स्वतःच तयार केला. पायऱ्या चढणे जमले नाही, तरी खालच्या कमानी पाहून ही युक्ती समजते. समोरचे वस्तुसंग्रहालय जुन्या रोमन स्नानगृहातच आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात पूर्वेकडच्या किलिकिया या किनारी प्रदेशातले समुद्री चाचे पकडलेल्या माणसांचा लिलाव याच बंदरात करीत असत. इसवी सनपूर्व ६७ मध्ये रोमन सेनापती पॉम्पीने त्यांचा बीमोड केला, ही हकीकत वडील मुलांना माझ्यापेक्षा चांगली सांगतील.

एक दिवस गाडी ठरवून जवळचे आस्पेन्दोस हे प्राचीन शहर पाहावे. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातले तिथले नाट्यगृह आजही जवळजवळ अखंड उभे आहे, कारण तेराव्या शतकात सेल्जुक या तुर्की घराण्याच्या सुलतानांनी रंगमंचाची इमारत निवासासाठी वापरली आणि तिची डागडुजी केली. बहुतेक सहली एवढे दाखवून परत फिरतात. आपण मात्र गाडीवाल्याला सांगून जवळच्या जलवाहिनीकडे अवश्य जावे. उत्तरेच्या डोंगरांतले पाणी मधली रुंद दरी ओलांडून शहरात आणायचे, म्हणून भोके पाडलेले दगड एकमेकांत बसवून बंद नळ केला होता. एका टोकाला खाली उतरलेले पाणी स्वतःच्याच दाबाने पलीकडे पुन्हा वर चढत असे, आणि नळाच्या वळणांवर दाब व हवा आवरण्यासाठी उंच मनोरे बांधले होते. ते आजही उभे आहेत. उजनीच्या पाण्यासाठी नळाकडे डोळे लावून बसणाऱ्या सोलापूरकराला ही रचना अधिकच जिव्हाळ्याची वाटेल.

वेळ उरला, तर पेर्गे हे प्राचीन शहर पाहावे. लंबवर्तुळ, अन्वस्त आणि अपास्त या वक्रांना त्यांची ग्रीक नावे देणारा गणिती अपोलोनियस तिथलाच. अकरावीच्या गणितात शंकूच्छेद शिकणाऱ्या मुलीला निदान तक्रार करायला एक माणूस तरी मिळेल!

निघण्यापूर्वी वडिलांना तेरला घेऊन जावे. सोलापुरापासून दोनेक तासांवरचे हे गाव म्हणजे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक व्यापार-मार्गदर्शिकेतले तगर, इथला माल भडोचच्या बंदरामार्गे रोमन जगात जात असे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती इटलीत पाँपेईच्या उत्खननातही निघाली आहे. तेथील लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहून निघाल्यास सिदेचे बंदर परके वाटणार नाही.

हंगामाचे गणित आपल्याकडच्या उलट आहे. तिथे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान सोलापूरच्या मेपेक्षा कमी असले, तरी समुद्राची दमट हवा आणि तापलेला दगड यांनी जीव नकोसा होतो. मे महिन्यात अवशेष सुखाने पाहता येतात, पण पाणी थोडे गार असते. दिवाळी लवकर आली असेल, तर ऑक्टोबर सर्वांत उत्तम. तेव्हा समुद्र उबदार असतो. शेंगेन, अमेरिका किंवा ब्रिटन यांचा चालू व्हिसा असल्यास ई-व्हिसा मिळू शकतो, अन्यथा रीतसर अर्ज करावा लागतो. तारखा नक्की करण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर नियम वाचावेत.

जेवणाची चिंता नको. मसूर डाळीचे सूप, चीज किंवा पालक भरलेली ‘गोझ्लेमे’ पोळी, ऑलिव्ह तेलातल्या भाज्या, दही आणि आयरान हे ताक सर्वत्र मिळते. फक्त सूप आणि भात मांसाच्या रश्शात शिजवलेले नाहीत ना, हे दर वेळी विचारावे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर न्यावी. अवशेषांतला खडा किंवा नाणे मात्र मुलांना उचलू देऊ नये. पुरातन वस्तू देशाबाहेर नेणे तिथे गंभीर गुन्हा आहे आणि विमानतळावर सामानाची कसून तपासणी होते.