‘पट्टी’ नव्हे, ‘टिंबर’ तर नव्हेच

शहाद्याच्या एका वाचकांनी विचारलंय : लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट एकच सूर वाजवतात, तरी डोळे मिटूनही वेगळे ओळखू येतात. या फरकाला ‘पट्टी’ म्हणायचं की ‘टिंबर’? आणि ही दोन वाद्यं एकत्र कशी बसवायची?

पट्टी म्हणजे काळी एक, पांढरी चार, म्हणजे सुराची उंची. ती दोघांची एकच आहे, असं प्रश्नातच म्हटलंय. धुळ्या-जळगावकडे ‘याच्या आवाजाची पट्टी गोड आहे’ हे इतकं कानावर पडतं की आता राग येतो. पट्टी गोड नसते, उंच किंवा खाली असते.

‘टिंबर’ लाकडाच्या वखारीवर लिहावं. इंग्रजीत उच्चार ‘टॅम्बर’, मूळ फ्रेंचमध्ये ‘तँब्र’. त्याची वंशावळ ऐकाच! ग्रीक ‘तुम्पानोन’ म्हणजे ढोल, आणि तो शब्द ‘ठोकणे’ या धातूवरून आलेला. फ्रेंचमध्ये ढोलाची घंटा झाली, घंटेचा आवाज झाला, दुसऱ्या फाट्याने शिक्का झाला, आणि आज पोस्टाच्या तिकिटालाही फ्रेंच माणूस ‘तँब्र’च म्हणतो.

मग मराठीत ‘ठसा’ का नको? तोही ठोकूनच उमटतो. ‘आवाजात ठसका आहे’ असं आपण म्हणतोच. ठसका आणि ठसा एकाच घरातले, असं माझं ठाम मत आहे. संगीताची क्रमिक पुस्तकं मात्र ‘नादाची जाती’ला चिकटून बसलीत. अहो, औडव-षाडव ही रागाची जाती, तिस्र-चतस्र ही तालाची, भरतमुनींच्या अठरा जाती वेगळ्याच! विद्यार्थ्याने किती जाती लक्षात ठेवायच्या? ‘ध्वनिगुण’ तर परीक्षेतल्या गुणांसारखा वाटतो. साक्री-नवापूरकडची भोपळ्याची पावरी, म्हणजे तिकडचं फुंकून वाजवायचं वाद्य, एकदा ऐकलेला माणूस तिचा ठसा विसरत नाही. इथे ‘गुण’ म्हणून बघा, वाक्य मरतं.

ठसा घडतो उपस्वरांनी, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप उमटणाऱ्या, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांच्या बारीक सुरांनी; मूळ सूर पहिला धरून ते मोजतात. तंबोऱ्यात स्वयंभू, म्हणजे तार न लावताच उमटणारा, गंधार ऐकू येतो, तो पाचवा उपस्वर, पंचम तिसरा. क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकात असे विषम उपस्वरच जोरकस असतात, ट्रम्पेटमध्ये सगळेच. फ्रेंच संगीतकार राव्हेलने 1928च्या ‘बोलेरो’ या वाद्यवृंदाच्या रचनेत हे गणित उघड मांडलं : हॉर्न (पितळी वाद्य) आणि सेलेस्टावर (घंटीसारखं वाजणारं पट्ट्यांचं वाद्य) चाल, आणि वर दोन पिकोलो (छोट्या, उंच आवाजाच्या बासऱ्या) नेमक्या त्या पंचम-गंधाराच्या जागी तीच चाल वाजवतात. पिकोलो हळू वाजले तर वेगळे ऐकूच येत नाहीत. ऑर्गनसारखं एक नवंच वाद्य उभं राहतं, त्याचा ठसा चौघांपैकी कुणाचाच नसतो.

बँडचं सांगायचं तर ट्रम्पेट जोरात फुंकला की त्याचे वरचे उपस्वर वाढतात आणि क्लॅरिनेट झाकली जाते. ट्रम्पेटवाल्याला दम आवरायला सांगा, ठसे मिसळतील.