बोल्टची संपत्ती आणि तुमच्या घरातली शिल्लक

ताई, आमचे हे चारशे मीटरचे धावपटू. राष्ट्रीय स्पर्धेत रिलेचं सुवर्ण आणि वैयक्तिक ब्राँझ मिळवलेलं. खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागले, आता तिकीट तपासनीस आहेत. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, दोनदा गेला आणि तीन वर्षांपूर्वी धावणं सुटलं. तेव्हापासून माणूस बदललाय. रात्री जेवणं झाली की फोनवर उसेन बोल्टची घरं, गाड्या, त्याच्याकडे किती पैसा आहे, हेच बघत बसतात. म्हणतात, ‘चारशेला त्याचं टायमिंग ४५.२८, माझं ४७.१. दोन सेकंदांचाही फरक नाही, मग आयुष्यात एवढा का?’ गावच्या यात्रेत पाहुणे म्हणून बोलावलं की माइकवर दहा-दहा हजारांची देणगी जाहीर करतात आणि इकडे आमचे हप्ते थकतात. आता त्यांचा एक जुना सहखेळाडू महिन्याला पाच टक्के देणाऱ्या योजनेसाठी पैसे गोळा करतोय. सगळी शिल्लक, माझे दागिने, वर सोसायटीचं कर्ज, असं सगळं त्यात घालायचं आणि येणाऱ्या पैशांतून अकॅडमी काढायची, असं यांच्या मनात आहे. अडवलं तर ‘तुला माझी किंमत नाही’ म्हणतात. मुलगी सहावीत आहे. मी काय करू?
– एका धावपटूची पत्नी

ताई, आधी तातडीचं सांगते. दागिने देऊ नका आणि सोसायटीच्या कर्जाला हरकत घ्या. भांडण झालं तरी चालेल. महिन्याला पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ टक्के. बँक मुदत ठेवीवर सहा-सात टक्के देताना मेटाकुटीला येते, तिथे साठ टक्के कुठल्या धंद्यातून येणार, हा प्रश्न त्या सहखेळाडूला तुमच्या यजमानांनीच विचारायला हवा. बहुतेक वेळा अशा योजनेत नव्या माणसाचे पैसे जुन्या माणसाला व्याज म्हणून जातात आणि नवी माणसं थांबली की सगळं बसतं. कोणत्याही नियामकाकडे नोंद नसताना लोकांकडून अशा ठेवी घेण्यावर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तो सहखेळाडू मनाने चांगला असेलही, बहुधा त्याचे स्वतःचे पैसेही त्यात अडकलेले असतील. त्याने जोखीम कमी होत नाही.

आता बोल्टविषयी. यजमान रोज त्याच्याबद्दल वाचतात, तर त्याची पूर्ण गोष्ट त्यांच्यासमोर यायला हवी. घरं आणि गाड्या हा त्यातला अर्धाच भाग आहे.

जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली की जमैकातल्या किंग्स्टनच्या एका गुंतवणूक कंपनीतलं बोल्टचं खातं जवळजवळ रिकामं झालंय. सुमारे १ कोटी २७ लाख डॉलर असायला हवे होते, उरले होते १२ हजारांच्या आसपास. निवृत्तीनंतरच्या आयुष्यासाठी आणि आईवडिलांसाठी त्याने ते पैसे बाजूला ठेवले होते. वकील, व्यवस्थापक, हिशेब बघणारे, सगळे दिमतीला असलेल्या माणसाचं हे झालं. आणि ती कंपनी परवाना असलेली होती. कोणी चहाच्या टपरीवर पैसे गोळा करत नव्हतं. हे तुम्ही यजमानांना नक्की सांगा, पण टोमणा म्हणून सांगू नका. तो माणूस त्यांना आवडतो, त्याच्यावर जे आलं त्याचं त्यांना वाईटच वाटेल, आणि त्या वाईट वाटण्यातूनच ते तुमचं ऐकतील अशी मला आशा आहे.

दुसरी गोष्ट त्या दोन सेकंदांची. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मला फार लागलं, कारण त्यात खरी वेदना आहे. रोज पहाटे उठून, उलटी होईपर्यंत तीनशे मीटर पुन्हा पुन्हा धावलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. पण ट्रॅकवरचा पैसा टायमिंगच्या प्रमाणात कधीच वाटला जात नाही. २००९ साली बर्लिनला बोल्ट ९.५८ सेकंदांत शंभर मीटर धावला. त्याच शर्यतीत टायसन गे ९.७१ मध्ये आला. त्या दिवसापर्यंत बोल्ट सोडून जगातला कोणीही माणूस इतक्या वेगाने धावला नव्हता. तेरा शतांश सेकंद मागे राहिलेल्या त्या गेचं नाव तुमच्या गल्लीत किती जणांना ठाऊक आहे? बोल्टचं मात्र शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. हा न्याय नाही, पण या खेळाचा बाजार असाच चालतो.

बोल्टचा पैसाही पदकांचा नव्हता. ऑलिंपिक समिती सुवर्णपदकाबरोबर रोख बक्षीस देत नाही. जागतिक स्पर्धेत तेव्हा विजेत्याला ६० हजार डॉलर मिळत आणि विश्वविक्रमाला १ लाख. मोठी रक्कम, पण त्यात बेट विकत घेता येत नाही. फोर्ब्सच्या २०१६ च्या यादीत त्याची वर्षाची कमाई सव्वातीन कोटी डॉलर धरली होती, त्यातले सुमारे तीन कोटी जाहिराती आणि करारांचे. बूट बनवणारी पुमा कंपनी तर तो पोरसवदा असल्यापासून त्याच्या मागे उभी आहे. म्हणजे तुमचे यजमान ४५.२८ धावले असते तरी हे पैसे आले नसते. खुद्द बोल्टला तरी त्या टायमिंगने कुठे काय दिलं? चारशे मीटर त्याला कधी मनापासून आवडलीच नाही. यजमानांनी कमी मेहनत केली म्हणून ते इथे आणि तो तिथे, असं नाही. हे त्यांना कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, आणि ते तुम्ही सांगितलंत तर सगळ्यात चांगलं.

आता मला खरा वाटणारा आजार. पैसा हा त्याचा वरवरचा भाग आहे. धावणं थांबलं आणि त्या जागी काही आलं नाही. बोल्टचंही तेच झालं. ऑगस्ट २०१७ मध्ये लंडनला शेवटच्या रिलेत त्याचाही हॅमस्ट्रिंग गेला आणि लाखमोलाचा तो माणूस भर ट्रॅकवर आडवा झाला. तोच स्नायू, ताई. (हे तुमच्या यजमानांना पाठ असेल, तरी एकदा त्यांच्याशी याविषयी बोला.) मग त्याने फुटबॉल धरला. जर्मनी, नॉर्वे, शेवटी ऑस्ट्रेलियात एका क्लबबरोबर सराव केला, २०१८ मध्ये एका सराव सामन्यात दोन गोलही मारले, पण करार जमला नाही. एवढा पैसा असलेल्या माणसाला तिशी ओलांडल्यावर दुसऱ्या खेळात नवशिक्यासारखं का उभं राहावंसं वाटलं असेल? घरी बसवत नव्हतं म्हणूनच ना? आज तो तीन मुलांचा बाप आहे. २०२५ च्या सप्टेंबरात टोकियोत त्याने स्वतःच सांगितलं की जिने चढताना दम लागतो, दिवस घरातच जातो, मालिका बघतो, लेगो जोडत बसतो. जगातला सगळ्यात वेगवान माणूस मुलं शाळेतून यायची वाट बघतो, हे वाचून मला बरं वाटलं.

तुमच्या घरात सहावीतली मुलगी आहे. बाबांचं धावणं संपलं तेव्हा ती तिसरीत होती. तिला घेऊन ते कधी मैदानावर गेलेत का?

अकॅडमीचं स्वप्न मोडू नका. ते चांगलं आहे, फक्त उलट्या टोकाने सुरू होतंय. आधी जमीन, मग ट्रॅक, मग फलक, आणि मुलं शेवटी. पी. टी. उषा १९८४ ला लॉस एंजलिसला एक शतांश सेकंदाने ब्राँझपदकाला मुकल्या. एक शतांश! तुमच्या यजमानांच्या दोन सेकंदांपुढे हा हिशेब ठेवून पाहा. त्याही रेल्वेतल्याच, आणि २००२ पासून केरळात त्या मुलींना घडवताहेत. यजमानांनी कर्ज न काढता, फी न घेता, ड्यूटी बघून आठवड्यातून तीन सकाळी जवळच्या शाळेच्या मैदानावर चार-पाच पोरं धावायला घ्यावीत. स्टार्ट कशी घ्यायची, वळणावर शरीर किती कलवायचं, बॅटन कसं द्यायचं, हे त्यांच्याइतकं त्या मैदानावर कोणालाच येत नसणार. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रशिक्षक अभ्यासक्रम आहे, रजा जुळवून तो करता येतो. मात्र फी घेऊन शिकवायचं ठरलं तर रेल्वेची लेखी परवानगी आधी घ्या. सरकारी नोकरीत राहून खासगी व्यवसाय केला तर नोकरीवर बेतू शकतं.

केंद्राची खेळाडूंसाठीची पेन्शन ऑलिंपिक, आशियाई, राष्ट्रकुल अशा पदकांसाठी आहे. राष्ट्रीय पदकाला ती लागू नाही, तेव्हा कोणी ‘मिळवून देतो’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. तुमचा भक्कम आधार म्हणजे दर महिन्याचा पगार आणि रेल्वेची वैद्यकीय सोय. पदकं जिंकूनही ज्यांना एवढं मिळालं नाही असे धावपटू आपल्या देशात पुष्कळ आहेत. यजमानांच्या पायांनी हे घर उभं केलंय. ‘तुला माझी किंमत नाही’ या वाक्याला हेच उत्तर आहे. ते रागाच्या भरात देऊ नका. ज्या दिवशी दोघांचं डोकं शांत असेल त्या दिवशी द्या.

यात्रेच्या देणगीचं सोपं करा. वर्षाची एक रक्कम दोघांनी मिळून ठरवा. ती संपली की माइकवर पैशांऐवजी ‘पोरांना शिकवायला येईन’ असं जाहीर करायचं. गावाला ते जास्त आवडेल.

आणि तुमचं पत्र माझ्याकडे येईपर्यंत काही रक्कम दिली गेली असेल, तर दोन-चार महिने व्याज आलं म्हणून निर्धास्त राहू नका. पावत्या, व्हॉट्सअॅपवरची बोलणी, बँकेतून गेलेल्या पैशांची नोंद, सगळं एका फाइलीत ठेवा. मुद्दल परत मागा, तेही लेखी. टाळाटाळ झाली तर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा कायदा आहे, त्याखाली तक्रार घेतली जाते. जितक्या लवकर जाल तितकी पैसे हाती लागण्याची शक्यता जास्त. त्या वेळी यजमानांना एकटं पाठवू नका, बरोबर जा.